आधी हवा, मग रंग

पत्र : काका, मी खानापूर तालुक्यात जांबोटीकडची. वय २३. बेळगावात एका ऑफिसात हिशेब बघते, रोज बसनं जाऊन येते. लहानपणापासून गल्लीतल्या पोरांबरोबर दिवाळीचा किल्ला करते. तीन वर्षांपासून किल्ला अंगणातून लाकडी फळीवर आणलाय, आता भीमगड करतेय. तट थर्माकोल आणि कागदाच्या लगद्याचा, मावळे शाडूचे, तीन-तीन इंचांचे. साध्या ब्रशनं रंगवलं की तटावर ब्रशचे पट्टे उठतात, दगड वाटत नाही. म्हणून एअरब्रश, म्हणजे हवेच्या जोरावर रंग फवारणारं पेन, घ्यायचाय. साठवलेले १२,००० रुपये आहेत. मोबाईलवर एक सेट दिसतो, त्यात पेन, हवा दाबून देणारा छोटा कंप्रेसर आणि पाइप, सगळं अडीच हजारांत. तो घेऊ का? भाऊ उद्यमबागेत फिटर आहे. तो म्हणतो, जुन्या फ्रिजचा कंप्रेसर काढून देतो, फुकटात काम होईल. घरात थोरल्या दादाचं दोन वर्षांचं मूल आहे, म्हणून आईला वासाची भीती वाटते. रंग कोणते घ्यायचे तेही सांगा.
— किल्ल्याच्या नादी लागलेली, खानापूर तालुका

बाळ,

पत्रात तू काका म्हणालीस, म्हणून मी तू म्हणतो. दिवाळी आली की आपल्या गल्ल्यांतून रायगड उभे राहतात, प्रतापगड उभे राहतात. येळ्ळूरचा राजहंसगड रोज डोळ्यांसमोर असतो, पण तो करायला घेणारी पोरं थोडी. तू तर आपल्याच तालुक्यातल्या भीमगडाला हात घातलास. त्याच्या दगडाला दगडपण यावं ही तुझी तळमळ मला कळते, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

अडीच हजारांचा सेट घेऊ नकोस. १२,००० पैकी आठ हजार हवेसाठी, म्हणजे कंप्रेसरला, बाजूला काढ, दोन हजार एअरब्रशला, आणि उरलेले दोन हजार रंग, मास्क आणि सफाईच्या सामानाला. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. हातात धरायची वस्तू डोळ्यांत भरते, म्हणून सगळे पैसे तिच्यावर जातात, आणि हवा कशीबशी भागवली जाते.

एअरब्रश चालतो कसा ते बघ, म्हणजे ही वाटणी अशी का ते कळेल. पुढच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक असलेलं नोझल असतं, ०.३ किंवा ०.५ मिलिमीटरचं. त्याच्या आतून निमुळती सुई गेलेली असते. नोझलच्या भोवतीनं हवा वेगानं सुटते, तिथला दाब उतरतो, आणि त्या ओढीनं रंग बाहेर येऊन फुटतो. रंगाला ढकलणारं दुसरं काहीही आत नाही. हवा एकसारखी असेल तर रंग एकसारखा पडतो, हवा धडधडत आली तर ती धडधड जशीच्या तशी तटावर उमटते. स्वस्त सेटमधला मुठीएवढा कंप्रेसर बिनटाकीचा असतो. त्याचा प्रत्येक ठोका थेट पाइपात जातो, आणि बोट दाबलं रे दाबलं की दाब घसरतो.

मी स्वतः यात एक पावसाळा घालवलाय. चांगल्यातला एअरब्रश घेतला आणि हवेसाठी गाडीचं चाक फुगवायचा बारा व्होल्टचा पंप जोडला. राजहंसगडाचा बुरूज रंगवत होतो, आषाढ चालू होता. दहा मिनिटं बरं चाललं आणि मग नोझलमधून रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडायला लागले. बुरुजाला देवी आल्यासारखे फोड दिसत होते. सगळा थर खरवडून काढताना खालचा लगदाही निघाला. ब्रशचा काही दोष नव्हता, हवा ओली होती.

हे पाणी येतं कुठून ते आपल्याकडच्या माणसाला नीट कळलं पाहिजे. हवा दाबली की तिच्यातली वाफ सुटते, ओलं फडकं पिळल्यासारखी. ४ बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) हवा भरली म्हणजे बाहेरची पाच लिटर हवा एका लिटरच्या जागेत कोंबली. कोरड्या दिवसांत बेळगावात त्यातून त्यामानानं कमी पाणी निघतं. पण जुलैत कणकुंबी-जांबोटीकडची हवा मुळातच पाण्यानं भरलेली. ती पाचव्या हिश्शात कोंबली तर जास्तीचं पाणी टाकीच्या तळाशी, पाइपात आणि शेवटी तुझ्या किल्ल्यावरच येणार. कोरड्या हवेतला एखादा माणूस वॉटर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी गाळणी, नंतर घेतला तरी चालेल म्हणेल. तू पहिल्या दिवशी घे.

आता कंप्रेसर कसा असावा. पिस्टनचा, तेल न लागणारा, तीन लिटरची टाकी असलेला, दाब कमी-जास्त करायचा रेग्युलेटर आणि वॉटर ट्रॅप बसवूनच आलेला. एएस-१८६ या नावानं मिळणारा नमुना याच जातीचा आहे. निरनिराळ्या कंपन्यांचे शिक्के मारून तोच विकला जातो, तेव्हा शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजू नकोस. तो मिनिटाला साधारण २० ते २३ लिटर हवा देतो, दाब ४ बारला पोचला की आपोआप बंद पडतो आणि ३ बारला उतरला की पुन्हा सुरू होतो. याच्याशेजारी बिनटाकीचा एएस-१८ दिसेल आणि थोडा स्वस्त असेल. त्या फरकाच्या मोहात पडू नकोस. टाकी असली की पिस्टनचे ठोके तिच्यात विरतात आणि पाइपात शांत हवा येते. शिवाय टाकी भरलेली असताना यंत्र गप्प असतं. रात्री मूल झोपलेलं असताना काम करणार असशील तर ही मोठी सोय आहे. आठ हजारांत बसत नसेल तर थांब, दोन महिने साठव. घाईनं बिनटाकीचा घेतलास तर वर्षभरात दुसरा घ्यायला लागेल.

पावसात आपल्याकडे हेस्कॉमची वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा टाकीत किती हवा उरते याचा हिशेब करून ठेव. तीन लिटरच्या टाकीत ४ बारवरून दीड बारवर येईपर्यंत साडेसात लिटर हवा मिळते. एअरब्रश मिनिटाला दहा-बारा लिटर खातो, म्हणजे अर्धं-पाऊण मिनिट. तेवढ्यात रंगवत बसायचं नाही. वीज गेली की पेल्यातला रंग ओतून टाकायचा, पाणी घालायचं आणि उरलेल्या हवेवर नोझल धुऊन घ्यायचं.

नवं यंत्र परवडलंच नाही तर दुसरी वाट आहे. फर्निचर पॉलिशवाले आणि गाड्यांना रंग मारणारे २४-२५ लिटर टाकीचा कंप्रेसर वापरतात, तो बेळगावात जुन्यात मिळू शकतो. ८ बारवरून २ बारवर येईपर्यंत २४ लिटरची टाकी १४४ लिटर हवा देते, म्हणजे सलग दाबून धरलं तरी बारा मिनिटं, आणि आपण सलग कधीच दाबत नाही. त्याचा आवाज मात्र फार. परड्यात ठेवून एकदा भरायचा, बंद करायचा, लांब पाइप घरात घ्यायचा. यातल्या काही यंत्रांत तेल असतं, मग पाण्याबरोबर तेलाचीही गाळणी लागते. रंगात तेलाचा कण गेला की तिथं रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो.

भावाच्या फ्रिजवाल्या बेताबद्दल. तो फिटर आहे, त्याचे हात चांगले असणार, आणि फ्रिजचा कंप्रेसर खरोखरच शांत चालतो, हेही खरं. पण तीन गोष्टी त्याला माझ्याकडून सांग. अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा वायू असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेटतो, त्यामुळे नळी कापताना किंवा झाळताना जिवावर बेतू शकतं. दुसरं, त्या कंप्रेसरच्या पोटात तेल असतं, ते हवेबरोबर येतं, आणि दाब भरलेला असताना तो पुन्हा सुरू व्हायला कुरकुरतो. त्यासाठी दाब सोडणारा वेगळा वॉल्व्ह बसवायला लागतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी, ती म्हणजे टाकी. जुगाड करणारे सरळ गॅसचा जुना सिलिंडर, नाहीतर भंगारातली टाकी लावतात. ट्रकच्या एअरब्रेकची टाकी मुळात हवेसाठीच बनवलेली असली, तरी आतून ती किती गंजलीय हे बाहेरून कळत नाही. दाबाखालची टाकी फुटली तर लोखंडाचे तुकडे होऊन फुटते. ज्या घरात दोन वर्षांचं मूल रांगतंय-पळतंय, त्या घरात हे नको. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

पण त्याला रिकामं बसवू नकोस. जोडण्या त्याच्याकडून करून घे. पाइपाचे एअरब्रशकडचे आटे बहुतेक वेळा १/८ इंचाचे असतात, कंप्रेसरचे १/८ किंवा १/४ इंचाचे, माप जुळलं नाही तर मध्ये पितळी अडॅप्टर लागतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून तो घट्ट करायचा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं, हे काम त्याच्याएवढं नीट तुला-मला जमणार नाही. आणि पावसाळ्यासाठी एक जास्तीचा छोटा ट्रॅप पाइपाच्या शेवटी, एअरब्रशच्या अगदी खाली बसवायला सांग. कंप्रेसरमधून हवा गरम निघते, गरम हवा वाफ धरून ठेवते, आणि पाइपातून येता येता निवली की पाणी सोडते. म्हणजे पहिला ट्रॅप ओलांडल्यावर पाणी सुटतं. माझ्या अनुभवात या दुसऱ्या ट्रॅपनं जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानंच नाही. काम झालं की टाकीच्या बुडाची चावी उघडून पाणी काढायचं, रोज. न काढलं तर टाकी आतून गंजते.

आता एअरब्रश. डबल अॅक्शन घे, म्हणजे खटका खाली दाबला की हवा, मागं ओढला की रंग. वर पेला असलेला घे. त्यात रंग वजनानंच खाली उतरतो, त्यामुळे कमी दाबात काम होतं आणि थेंबभर रंगातही भागतं. बाटली खाली लटकणारा मोठ्या पडद्यांना बरा, तीन इंचांच्या मावळ्याला नाही. महागडा जपानी घ्यायची आत्ता गरज नाही. ही रचना फार जुनी आहे. हवा आणि रंग आतल्या आत मिसळणारा एअरब्रश चार्ल्स बर्डिकनं १८९० च्या दशकात आणला आणि आजचे जवळपास सगळे त्याच घडणीचे आहेत. स्वस्त चिनी नगातही तत्त्व तेच. फरक पडतो तो सुई आणि नोझल किती सफाईनं कातलंय यात. तो फरक तुला कळायला वर्ष जाईल. तेव्हा हाच कंप्रेसर ठेवून चांगला एअरब्रश घेता येईल.

बरेच स्वस्त नग ०.२, ०.३ आणि ०.५ अशा तीन सुया-नोझलांसह येतात. तू ०.५ लावून सुरुवात कर. तट, जमीन, डोंगर यांना तोच पुरतो आणि आपल्याकडचे रंग त्यात कमी अडकतात. ०.२ डब्यातच राहू दे. नोझलचे आटे केसासारखे बारीक असतात, पाना जोरात फिरवला की तुटतात. बोटांनी घट्ट झालं की वर पाव फेरा, बस्स. नवा नग हातात आला की पेल्यात पाणी घालून हवा सोड. पेल्यात बुडबुडे आले तर नोझलच्या बुडातून हवा आत जातेय. मधमाशांचं मेण आट्यांना बोटानं थोडंसं चोळलं की बहुतेक वेळा थांबते. तुमच्या जंगलपट्ट्यात ते मिळायला अडचण नसावी.

सुईचं टोक हा या वस्तूचा जीव आहे. सुई काढायची ती नेहमी मागं ओढून, पुसायची ती बुडाकडून टोकाकडे, आणि ठेवायची ती फडक्यावर. माझी एक सुई शहाबादी फरशीवर टोकावर पडली होती. डोळ्यांना दिसलंही नाही, पण फवारा एका बाजूला वाकडा जायला लागला. एक जास्तीची सुई आणि नोझल पहिल्याच खरेदीत घेऊन ठेव.

रंगाचं थोडक्यात सांगता येणार नाही, कारण तुझा तट थर्माकोलचा आहे. गाड्यांचा ड्युको रंग आणि तो पातळ करायचा एनसी थिनर एअरब्रशमधून फार सुरेख फुटतात, म्हणून कुणीतरी तुला तो सुचवेलच. थर्माकोलवर तो फवारलास तर तुझ्यासमोर भीमगड वितळेल. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, थिनर त्याला साखरेसारखा विरघळवतो. लगद्याचा थर असला तरी एखाद्या भेगेतून तो आत शिरतो. शिवाय त्याची वाफ पेटते. देवघरात समई, स्वयंपाकघरात शेगडी, आणि मधल्या खोलीत थिनरचा फवारा, हे मला चालणार नाही आणि तुझ्या आईलाही चालू नये. तेव्हा निदान पहिलं वर्ष फक्त पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक.

त्यातही दोन जाती. एअरब्रशसाठीच पातळ करून दिलेले, वालेहो कंपनीच्या मॉडेल एअर मालिकेसारखे, सरळ पेल्यात ओतता येतात, पण बाटली छोटी आणि महाग. तटासारख्या मोठ्या कामाला ते परवडत नाहीत. त्यासाठी हस्तकलेचे, शाळेच्या दुकानात मिळणारे साधे अॅक्रिलिक चालतात, पण ते ब्रशसाठी बनवलेले असतात, रंगाचे कण जाड असतात. वेगळ्या बाटलीत पाणी आणि अॅक्रिलिकचा थिनर घालून पातळ करायचे आणि जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्यायचे. गाळायचा कंटाळा केलास की नोझल तुंबलंच म्हणून समज. पातळ किती? बाटलीच्या कडेला रंग लावून बघ, दुधासारखा एकसंध ओघळला पाहिजे. ताकासारखा फुटला तर पाणी जास्त झालं. एक जपायचं : वालेहोचा रंग स्पिरिट घालून पातळ करू नकोस, त्याच्या गुठळ्या होतात. तामिया या दुसऱ्या कंपनीच्या अॅक्रिलिकला स्पिरिट चालतं, ती वेगळी घडण आहे. म्हणून एका कंपनीचा रंग, त्याच कंपनीचा थिनर, ही सवय बरी. मोठ्या कामाला साधे रंग, मावळ्यांच्या अंगरख्याला एक-दोन चांगल्या बाटल्या, एवढंच घे.

शाडू कच्चा असतो, पाणी पितो आणि मऊ पडतो. मावळे आठवडाभर सावलीत वाळव, मग पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात साध्या ब्रशनं दे आणि तो वाळल्यावरच फवारा मार. फेविकॉल एअरब्रशमधून मारायच्या भानगडीत मात्र पडू नकोस.

आईची काळजी रास्त आहे. पाण्याचा रंग म्हणजे श्वासात घ्यायला चालतो असं नाही. हवेत रंगाचे कण तरंगतात आणि फुप्फुसात बसतात. साध्या कापडाच्या मास्कनं ते अडत नाहीत, एन-९५ घाल, नाकाशी घट्ट बसणारा. पुढं कधी थिनरवाल्या रंगाकडे वळलीस तर एन-९५ पुरणार नाही, कारण वाफ त्यातून आरपार जाते. तिथं कोळशाचे डबे असलेला अर्ध्या तोंडाचा मास्क लागतो. बाळाला त्या खोलीत घ्यायचं नाही, फवारून झाल्यावरही अर्धा तास नाही. परड्याकडे खिडकी असलेली खोली निवड. मोठा पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेव, मागची बाजू कापून तिथं एक्झॉस्ट पंखा बसव, आणि त्याचं तोंड खिडकीतून बाहेर काढ. पंख्यापुढं जुन्या सुती कापडाचा पडदा लाव, रंग त्यात अडकतो, दर पंधरा दिवसांनी बदल. फवारायच्या आधी जमिनीवर पाण्याचा हलका शिडकावा कर. कौलारू घरात वरून धूळ पडतच असते, ओल्या रंगावर ती बसली की निघत नाही.

सगळं सामान आलं तरी किल्ल्याला आठ दिवस हात लावू नकोस. पेल्यात पाणी आणि खायच्या रंगाचे दोन थेंब घाल, जुनी वर्तमानपत्रं घे, आणि ठिपके काढ. मग दोन ठिपके जोडणाऱ्या रेघा. मग एका टोकाला गडद आणि दुसऱ्या टोकाला विरणारी पट्टी. बोटाला एकच सवय लावायची : आधी हवा, मग रंग, थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हे उलटं झालं की नोझलच्या तोंडाशी थेंब साठतो आणि पुढच्या वेळी फाटकन उडतो. दाब १५ ते २० पीएसआय (हेही दाबाचंच माप, म्हणजे साधारण एक ते १.४ बार) ठेव, आणि तो खटका दाबलेला असताना बघ. नुसता उभा दाब बघितलास तर चालू केल्यावर तो पाचेक पीएसआयनं खाली गेलेला असतो. रंगाला कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले तर रंग फार पातळ आहे, नाहीतर तू फार जवळ आहेस.

शक्य असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला एखाद्या मूर्तिकाराच्या कारखान्यात जा. गणपतीचं काम जोरात असतं, गर्दीत अडचण करू नकोस, नुसती कोपऱ्यात उभी राहा. अंगावरचा मोठा रंग ते स्प्रे गननं मारतात, गालांची, बोटांची छाया एअरब्रशनं देतात. त्यांचा हात कधीच एका जागी थांबत नाही. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू होतो, मूर्तीवरून जातो आणि बाहेर जाऊन बंद होतो. हे मी कितीही लिहिलं तरी तो हात एकदा डोळ्यांनी बघण्याची सर येणार नाही. आणि डोळ्यांची आखणी मात्र ते बारीक ब्रशनंच करतात, हेही बघशील. तुझ्या मावळ्यांचे डोळे, मिशा, पागोट्याचे पदर हातानंच व्हायचे आहेत, तेव्हा जुने ब्रश जपून ठेव.

आता तुझ्या तटाकडे येतो, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. पट्टे उठतात कारण ब्रश सगळीकडे सारखा रंग फासतो. दगड आपल्याला दगड वाटतो तो त्याच्या सावलीमुळे. म्हणून पहिला हात काळपट तपकिरी, सगळीकडून, खालूनसुद्धा, सांध्यांत शिरेल असा. तो पूर्ण वाळू दे, पावसात एक रात्र दे. दुसरा हात दगडाचा रंग, काळ्या पाषाणाचा राखाडी किंवा जांभ्याचा लालसर विटकरी, पण तो फक्त वरून, तिरक्या कोनात, जिथून ऊन पडेल त्या बाजूनं. वितभर अंतरावरून, अगदी पातळ, दोन-तीन फेऱ्यांत. फवारा सरळ रेषेत जातो, त्यामुळे सांध्यांत आणि दगडांच्या पोटाखाली तो पोचत नाही आणि तिथला काळा आपोआप राहतो. तिसरा हात त्याच रंगात थोडा पांढरा मिसळून, फक्त माथ्यावर. इथंच तुला पहिल्यांदा दिसेल की थर्माकोल गेला आणि दगड आला.

जांभ्याला एक खास युक्ती आहे. त्याला भोकं असतात, पृष्ठभाग खडबडीत. दाब १० पीएसआयच्या खाली उतरवला की रंग बारीक न फुटता ठिपक्या-ठिपक्यांनी पडतो. एरवी ही चूक, पण गडद विटकरी आणि फिकट पिवळट असे दोन रंग असे ठिपक्यांनी टाकलेस तर जांभ्याचा पोत येतो. आधी कागदावर करून बघ. शेवाळ तळाशी आणि पाणी पाझरतं त्या रेघांवर, हिरव्यात तपकिरी मिसळून, कमीत कमी. नुसता हिरवा मारलास तर तट रंगीत दिसेल, ओला दिसणार नाही. आपल्या भागातल्या जुन्या तटावर पावसाळ्यानंतर शेवाळ आधी काळं पडतं, बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकाकडची भिंत जाता-येता बघून घे. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं दगडांच्या कडा हलक्या घासायच्या.

आणि सफाई. ज्यांचे एअरब्रश कपाटात पडून आहेत, त्यांतले निम्मे सफाईच्या कंटाळ्यानं पडलेत असं माझं मत आहे. रंग बदलताना पेला ओत, पाणी घाल, नोझलच्या तोंडावर कापूस दाबून हळूच खटका ओढ. हवा उलटी जाऊन पेल्यात बुडबुडे येतात आणि आत चिकटलेला रंग सुटतो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत तीन-चारदा. काम संपल्यावर सुई काढून पूस, पेल्याचा तळ कानाच्या काडीनं पूस, आठवड्यातून एकदा नोझल काढून दातांच्या फटींतल्या बारीक ब्रशनं आतून साफ कर. आख्खा एअरब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवायचा नाही, आतल्या रबरी कड्या फुगतात. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रवही नको, पितळ खातो. मार्च ते मे या कोरड्या दिवसांत रंग सुईच्या टोकावरच वाळतो. दर पाच मिनिटांनी ओल्या कानकाडीनं टोक पुसायचं आणि रंगात अॅक्रिलिक रिटार्डरचे, म्हणजे रंग उशिरा वाळावा म्हणून घालायच्या द्रवाचे, एक-दोन थेंब घालायचे.

काम कधी सुरू करायचं? कंप्रेसर पावसाळ्यात आला तरी आषाढ-श्रावण सरावात घालव, मावळे करून वाळवत ठेव. भीमगडावर पहिला हात गणपती झाल्यावर, ऊन पडायला लागल्यावर दे. दिवाळीपर्यंत तीन हात आणि शेवाळ आरामात होतं.

तुझा,
काका

ता. क. खरेदीला जाताना भावाला बरोबर ने आणि खिशात एक चिठ्ठी ठेव : पाइपाचं एअरब्रशकडचं टोक १/८, कंप्रेसरकडचं १/८ की १/४ ते बघून, लागला तर एक अडॅप्टर, एक जास्तीचा ट्रॅप, टेफ्लॉन टेप, एक सुई, एक नोझल. यातली एक वस्तू विसरली तरी जांबोटीहून पुन्हा बेळगावला खेप पडते.